मुलगा की मुलगी? इथे ठरवतो एक जीवाणू

आत्ता तुम्ही जी स्क्रीन बघताय, तिच्यावर या वाक्याच्या शेवटी एक पूर्णविराम आहे. तो दोन बोटांनी थोडा मोठा करून बघा. जवळपास तेवढाच, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर लांबीचा एक कीटक असतो. त्याला पंख असतात, सहा पाय असतात, मिशा असतात आणि लालभडक डोळेही असतात. नाव ट्रायकोग्रामा, जातकुळी गांधीलमाशीची. पण दचकू नका, ही माशी माणसाला डंख मारत नाही. तिचं सगळं लक्ष असतं पतंगांच्या अंड्यांवर.

मादी पतंगाचं अंडं शोधते, त्याच्यावर चढते, इकडून तिकडे चालत त्याचा आकार मापते. घर पसंत पडलं की कवचाला बारीकसं भोक पाडून आत आपलं अंडं सोडते. तिची अळी आतून पतंगाचं अंडं खाऊन मोठी होते. आठ-दहा दिवसांनी त्या अंड्यातून पिकं फस्त करणारी अळी निघायची, तिच्याऐवजी एक नवी गांधीलमाशी बाहेर येते. दुसऱ्याच्या जिवावर वाढणाऱ्या अशा गांधीलमाश्यांना परोपजीवी म्हणतात. आपल्या दृष्टीने मात्र त्या मित्रकीटक.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी ट्रायकोकार्ड पाहिलं असेल. ऊस, कापूस, भात, टोमॅटो अशा पिकांत लावतात ते. एका कार्डावर साधारण 20,000 अंडी चिकटवलेली असतात आणि त्या प्रत्येकात ट्रायकोग्रामा वाढत असते, निदान तशी अपेक्षा असते. ही अंडी कोणाची, ठाऊक आहे? तांदळात आणि रव्यात जाळी करून बसणारा तो राखाडी पतंग असतो ना, त्याची. स्वयंपाकघरात आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो, त्याला प्रयोगशाळेत मुद्दाम पोसतात!

आता मुद्द्यावर येऊ. शेतात काम करते ती मादी. नर अंडी घालत नाही, त्यामुळे किडीची अंडी मारणं त्याच्या हातात नाही. म्हणजे कार्डातून किती माश्या उडाल्या यापेक्षा त्यात माद्या किती होत्या, हा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आणि हे ठरतं कसं, ती गोष्ट मला इतकी आवडली की आजचं सदर पूर्ण तिलाच द्यायचं ठरवलं.

घरातल्या मुलांना आधी एक कोडं घाला. असा कोण, ज्याला बाप नाही पण आजोबा आहेत?

उत्तर: नर गांधीलमाशी. मधमाशीचा नरही चालेल. माणसात आईकडून गुणसूत्रांचा एक संच येतो, वडिलांकडून एक, आणि मुलगा की मुलगी हे वडिलांच्या शुक्राणूवर ठरतं. (तरी आपल्याकडे मुलगी झाली की बोल आईलाच लावतात, ते असो.) गांधीलमाश्या, मधमाश्या आणि मुंग्यांमध्ये हिशोब वेगळा आहे. अंडं फलित झालं तर मुलगी, फलित नाही झालं तर मुलगा. मुलीत दोन संच, मुलात फक्त आईचा एकच. म्हणून त्याला बाप नाही. पण त्याच्या आईला बाप होता, म्हणजे याला आजोबा आहेत. मधमाश्यांमधली ही गोष्ट यान जेर्झोन नावाच्या एका धर्मगुरूने 1845 मध्ये मांडली, तेव्हा ती लोकांना सहज पटली नव्हती.

यात खरी सत्ता आईकडे आहे. नराशी एकदा मीलन झालं की मादी त्याचे शुक्राणू पोटातल्या एका छोट्या पिशवीत साठवून ठेवते. अंडं बाहेर पडताना पिशवीतून शुक्राणू सोडला तर मुलगी, नाही सोडला तर मुलगा. ट्रायकोग्रामाच्या बाबतीत हे चक्क बघता येतं. अंडं घालताना तिचं पोट ठरावीक लयीत हलतं. मुलीचं अंडं असेल तर मध्येच ते क्षणभर थांबतं, मुलाच्या वेळी थांबत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बसलेला माणूस पाळणा हलायच्या आधीच सांगू शकतो, बाईंच्या मनात काय आहे ते.

आणि बाई मनाला येईल तसं ठरवत नाहीत. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांनी 1967 मध्ये याचं गणित मांडलं. एकाच मादीची सगळी पिल्लं एकाच जागी जन्मणार असतील आणि भावंडांतच मीलन होणार असेल, तर ढीगभर मुलगे काय कामाचे? सगळ्या बहिणींना पुरतील एवढेच हवेत. गांधीलमाशीच्या अनेक जाती खरंच तसं वागतात. मूठभर मुलगे, बाकी मुलीच मुली.

या व्यवस्थेत पहिली लुडबुड करतं तापमान.

कॅनडातल्या संशोधकांनी 2014 मध्ये ट्रायकोग्रामाच्या एका जातीवर एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. मादीचं पोट कधी थांबतं ते त्यांनी टिपलं आणि पुढे खरंच काय जन्मलं ते पाहिलं. म्हणजे इरादा आणि निकाल दोन्ही हाती. थंडीत आणि उकाड्यात, दोन्हीकडे मुलगे वाढले, पण कारणं वेगळी निघाली. थंडीत आईने मुलीचा प्रयत्न केला होता, पण अंडी फलितच झाली नाहीत. उकाड्यात मात्र आईने स्वतःच मुलगे जास्त ठेवले होते.

उष्णता नरांनाही सोडत नाही. साठवलेल्या धान्यातल्या किड्यांवर जगणाऱ्या एका गांधीलमाशीचे नर कोशात असताना तापवले, तर त्यांच्याकडे शुक्राणू कमी राहतात असं फ्रान्समधल्या अभ्यासात दिसलं. शुक्राणू कमी म्हणजे फलित अंडी कमी, म्हणजे मुली कमी. कासवांची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. कोकणात वेळासला किंवा ओडिशाच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले अंडी घालतात, तिथे वाळू जास्त तापली तर माद्या जन्मतात आणि कमी तापली तर नर. गांधीलमाशीत अंड्याला ऊन लागून असं थेट काही ठरत नाही. उष्णता आईच्या, बापाच्या, नाहीतर तिसऱ्याच कुणाच्या तरी आडून काम करते.

हा तिसरा कोण, ते शोधायला शास्त्रज्ञांना बराच वेळ लागला.

झालं असं की परोपजीवी गांधीलमाश्यांच्या काही जातींमध्ये, आणि ट्रायकोग्रामाच्या काही वंशांमध्ये नर सापडतच नव्हते. आई, तिच्या मुली, त्यांच्या मुली, पिढ्यानपिढ्या फक्त लेकी. मीलन नाही, शुक्राणू नाही, मग नियमाने सगळे मुलगे व्हायला हवेत. इथे नेमकं उलट! कॅलिफोर्नियात कीटकांवर काम करणारे स्टॅन्ली फ्लँडर्स यांनी 1945 मध्ये लिहिलं की अशा फक्त माद्यांच्या जातींतही अधूनमधून नर दिसतात आणि त्यामागे परिस्थितीचा हात आहे. पुढे 1966 मध्ये बोवेन आणि स्टर्न या दोघांनी ट्रायकोग्रामाच्या अशाच एका वंशाला जास्त तापमानात वाढवलं. त्यांना नर मिळालेच, शिवाय काही विचित्र माश्याही मिळाल्या, ज्यांचं शरीर काही भागांत नराचं आणि काही भागांत मादीचं होतं.

उष्णतेने नेमकं काय बदलत होतं? याचं उत्तर 1990 मध्ये आलं, तेही मधातून. रिचर्ड स्टाउटहॅमर, रॉबर्ट लक आणि आपले ते गणितवाले हॅमिल्टन, या तिघांनी फक्त लेकी जन्माला घालणाऱ्या ट्रायकोग्रामांना मधात प्रतिजैविक घालून चाटवलं. टेट्रासायक्लिन, म्हणजे माणसांना देतात तेच औषध. आणि त्या माद्यांना मुलगे व्हायला लागले! नुसते एकदा नाही, त्यांचा वंश कायमचा नर-मादी अशा दोघांचा झाला. जास्त तापमान देऊनही तोच परिणाम मिळाला. गांधीलमाशी आजारी नव्हती, मग औषध मारत कोणाला होतं? अर्थातच तिच्या पोटातल्या जीवाणूला. 1993 मध्ये त्याची ओळख पटली. त्याचं नाव वोल्बाकिया.

हे नाव तसं जुनं. अमेरिकेत मार्शल हर्टिग आणि सिमियन वोल्बाक यांना 1924 मध्ये हा जीवाणू साध्या घरगुती डासात दिसला होता. बराच काळ त्याच्याकडे कोणी फारसं लक्ष दिलं नाही. आज अंदाज असा आहे की कीटकांच्या जवळपास निम्म्या जातींमध्ये तो असावा. हे वाचताना तुमच्या खिडकीत एखादी माशी बसली असेल, तर तिच्यातही असू शकेल.

वोल्बाकियाला मुलीच का हव्यात? त्याचा स्वार्थ अगदी सरळ आहे. तो पेशीच्या आत राहतो आणि आईकडून पिल्लाकडे अंड्यातून जातो. शुक्राणू इतका चिमुकला असतो की त्यात याला जागा नाही. म्हणजे मुलाच्या शरीरात शिरलेल्या वोल्बाकियाचा वंश तिथेच खुंटतो. मुलीत शिरला तर पुढच्या हजार पिढ्यांचा रस्ता मोकळा. मग त्याने काय करावं? ज्या अंड्यातून मुलगा होणार होता, त्यालाच मुलगी करावं.

ते तो कसं करतो हे वाचून मी, जिने शाळेनंतर जीवशास्त्राचं पुस्तक उघडलं नव्हतं, अक्षरशः खुर्चीत सरसावून बसले. अफलित अंड्यात गुणसूत्रांचा एकच संच असतो. अंडं वाढायला लागलं की त्या संचाची प्रत तयार होते आणि दोन प्रती दोन बाजूंना जाऊन दोन पेशी बनायला हव्यात. वोल्बाकिया असेल तर ही पहिली वाटणी अर्धवट थांबते. दोन्ही प्रती एकाच केंद्रकात राहतात. झाले की दोन संच! बापाकडून यायचा तो संच आईच्याच संचाची झेरॉक्स काढून भरला गेला. अंडं पुढे मुलगी म्हणून वाढतं. गुणसूत्रांचे दोन्ही संच तंतोतंत सारखे असलेली मुलगी.

आता उष्णतेचं कोडं सुटतं. गांधीलमाशी उकाडा सोसते, पण तिच्या आतला वोल्बाकिया सोसू शकत नाही. साधारण 30 अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त तापमानात काही पिढ्या वाढवल्या, की जीवाणू विरळ होत जातात आणि शेवटी संपतात. मजा म्हणजे आई तापली तरी तिच्या स्वतःच्या शरीरात काही बदलत नाही, ती तर मादी म्हणून केव्हाच जन्मलेली असते. फरक दिसतो तिच्या पोटच्या पिढीत. आणि ती अर्धी नर, अर्धी मादी माशी? अंड्यात जीवाणू पुरेसे नसले तर झेरॉक्सचं काम काही पेशींत होतं, काहींत होत नाही, असं त्यामागचं कारण मानलं जातं.

हे वाचून वाटेल, चला, औषध दिलं की झाली गाडी रुळावर. ट्रायकोग्रामाच्या कित्येक वंशांत खरंच तसं होतं, नर येतात, मीलन होतं, मुली होतात. पण सगळीकडे नाही.

इंग्लंडमध्ये 1926 साली टोमॅटो पिकवणाऱ्या एकाच्या लक्षात आलं की काचघरातल्या पांढऱ्या माशीच्या पिल्लांमध्ये काही काळी पडली आहेत. कीटकशास्त्रज्ञ स्पेयर यांनी पाहिलं तर त्यांच्या आत एन्कार्शिया फॉर्मोसा नावाची इवलीशी गांधीलमाशी वाढत होती. काही वर्षांतच ती लाखोंच्या संख्येने वाढवून बागाईतदारांना द्यायला सुरुवात झाली. पुढे डीडीटी आलं तेव्हा तिला लोक विसरले, आणि कीटकनाशकं निकामी व्हायला लागल्यावर पुन्हा शोधत आले. आज जगभरच्या काचघरांत ती वापरतात. हिच्यातही फक्त माद्या, हिच्यातही वोल्बाकिया. 1992 मध्ये हिला प्रतिजैविक दिल्यावर नर जन्माला आले. पण त्यांच्याशी जोडी जमवून मुली झाल्या नाहीत. इतक्या पिढ्या नराशिवाय गेल्या की एकत्र येऊन संसार करायची रीतच या जातीतून पुसली गेली. म्हणजे आता जीवाणू गेला तर मुली नाहीत, आणि मुली नाहीत तर जातच नाही. भाडेकरू घर सोडून गेला आणि घरच कोसळलं, असा प्रकार.

फळमाशीच्या अळ्यांवर जगणाऱ्या असोबारा टॅबिडाची कथा तर आणखी पुढची. तिच्यात नर-मादी दोन्ही असतात, वोल्बाकिया मुलगा-मुलगी ठरवण्यात पडतही नाही. तरीही 2001 मध्ये फ्रान्समधल्या संशोधकांनी तो औषधाने काढून टाकला, तेव्हा माद्यांना अंडीच तयार करता येईनात. हे वाचल्यावर या जीवाणूला परजीवी म्हणावं की सोबती, हे मला ठरवता आलेलं नाही.

पण सगळ्या गांधीलमाश्या अशा शरण गेलेल्या नाहीत बरं का. अमेरिकेतल्या मोहावी वाळवंटात ट्रायकोग्रामा केकाय ही जात एका फुलपाखराच्या अंड्यांत वाढते. तिथे थोड्याच माद्यांत वोल्बाकिया आहे, बाकीच्या नेहमीसारख्या नर-मादी पद्धतीने जगतात. एकाच फुलपाखराच्या अंड्यात दोन आयांच्या अळ्या शेजारी वाढल्या तर वोल्बाकिया एकीतून दुसरीत उडी मारू शकतो, हे 2000 मध्ये इथेच कळलं. मग त्याने सगळ्यांना कवेत का घेतलं नाही? एक कारण म्हणजे काही नरांमध्ये असलेलं एक जादा गुणसूत्र. ते शुक्राणूतून अंड्यात शिरतं आणि बापाकडून आलेला बाकीचा सगळा संच नष्ट करतं, स्वतः तेवढं शिल्लक राहतं. म्हणजे फलित झालेलं, मुलगी व्हायचं अंडं पुन्हा मुलगा! एकाला मुलीच हव्यात, दुसऱ्याला मुलगेच, आणि दोघांची ओढाताण चाललीय कुठे, तर अर्ध्या मिलिमीटरच्या माशीत.

शेतासाठी मग कोणती ट्रायकोग्रामा बरी? वोल्बाकियावाली एकेक मादी नर न पोसता मिळते, त्यामुळे मादीमागे खर्च कमी. पण प्रयोगशाळेत ती बिनवोल्बाकियाच्या मादीपेक्षा अंडी कमी घालते. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी 2000 मध्ये दोन जातींची काचघरात तुलना केली, तेव्हा किडीची अंडी शोधण्यात ही मागे पडली नव्हती. आपल्याकडे सर्रास मिळते ती ट्रायकोग्रामा चिलोनिस, आणि ती नर-मादी पद्धतीची. तिला वोल्बाकिया जाण्याची भीती नाही, पण उन्हाची आहेच. म्हणून बंगळुरूच्या एनबीएआयआर या सरकारी संस्थेने तिचा जास्त तापमान सोसणारा वाण तयार केला आहे.

वोल्बाकिया आणि उकाड्याचं हे वाकडं नातं फक्त शेतापुरतंही नाही. डेंग्यूच्या डासात हा जीवाणू सोडला तर डासात विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियात यॉग्याकार्ता शहरात असे डास सोडल्यावर डेंग्यूचे रुग्ण 77 टक्क्यांनी कमी झाले, हा निकाल 2021 चा. आपल्याकडे पुदुच्चेरीत आयसीएमआरच्या केंद्रानेही असे डास तयार केले आहेत. पण 2018 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या केर्न्स शहरात उष्णतेची लाट आली, तेव्हा तिथल्या डासांमधला वोल्बाकिया तात्पुरता कमी झाला होता. नंतर तो सावरला. आपल्या एप्रिल-मेमध्ये काय होईल, याचा विचार करूनच इथे पावलं टाकावी लागतील.

तुमच्या घरी ट्रायकोकार्ड येणार असेल तर ते उन्हात तापलेल्या गाडीत विसरू नका. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, कार्डाच्या पट्ट्या कापून पानांच्या खालच्या बाजूला टाचा आणि त्या दिवसांत कीटकनाशकाची फवारणी टाळा. एखादी पट्टी मुलांना पारदर्शक बरणीत घालून द्या. माश्या निघाल्या की चांगल्या भिंगाखाली किंवा शाळेतल्या सूक्ष्मदर्शकाखाली त्यांच्या मिशा बघायच्या. मिशांवर लांब लांब केस असतील तर तो नर. टोकाला मुद्गलासारखी जाड, आखूड केसांची मिशी असेल तर ती मादी. मोजून झालं की बरणीचं झाकण शेतात उघडा.